अणदूर–नळदुर्ग परिसराचा भूवैज्ञानिक इतिहास

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर आणि त्याच्या पश्चिमेचे नळदुर्ग ही गावे सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, बालाघाटाच्या पठारी प्रदेशात वसली आहेत. खंडोबाची मूर्ती वर्षातील काही काळ अणदूरला व उरलेला काळ नळदुर्गजवळील मैलारपूरला असते, ही या गावांची सर्वपरिचित ओळख होय. भूविज्ञानाच्या दृष्टीने हा परिसर दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी लाव्ह्यांच्या विस्तीर्ण राशीच्या आग्नेय भागात मोडतो. लक्ष वेधून घेणारी शिखरे, खोल दऱ्या किंवा जीवाश्मांचे मोठे साठे येथे नाहीत; काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली काळा कातळ एवढेच सामान्यतः दृष्टीस पडते. त्यामुळे हा प्रदेश एकसुरी असून त्याच्या जडणघडणीचा इतिहास फार पूर्वीच संपलेला आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. या परिसरातील व लगतच्या भागातील खडक आणि भूरूपे यांचा एकत्र विचार केला असता ही समजूत टिकत नाही.

खडकांवरून भूतकाळ वाचण्याची पद्धत तशी अलीकडची आहे. थरांच्या राशीत खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा साधा वाटणारा नियम निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये इटलीतील टस्कनी प्रदेशातील निरीक्षणांवरून मांडला. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे उभ्या झालेल्या जुन्या थरांवर जवळजवळ आडवे नवे थर टेकलेले जेम्स हटन यांना १७८८ मध्ये आढळले. दोन राशींमधील या विसंगतीचा अर्थ असा की, जुने थर साचले, उचलले गेले, झिजले आणि मगच त्यांवर नवे थर साचले. म्हणजे थरांइतकाच थरांमधील खंडही बोलका असतो. बेसाल्टाच्या उत्पत्तीविषयी मात्र अठराव्या शतकात तीव्र वाद होता. जर्मनीतील आब्राहाम व्हेर्नर व त्यांचे अनुयायी बेसाल्ट हा पाण्यात साचलेला खडक मानीत, तर फ्रान्समधील निकोला देमारे यांनी ओव्हेर्न्य भागातील विझलेल्या ज्वालामुखींपासून बेसाल्टाचे प्रवाह निघालेले दाखवून दिले. हा वाद मिटल्यावरच दख्खनच्या कातळाकडे थिजलेला लाव्हा म्हणून पाहता आले.

मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या ट्रॅप प्रदेशाचे पहिले विस्तृत वर्णन १८३३ मध्ये सादर केले. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला असून डोंगरांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांमुळे तो रूढ झाला. त्यानंतर स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी नागपूर परिसरात लाव्ह्यांच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गोड्या पाण्यातील गाळातून शंखशिंपले व वनस्पतींचे अवशेष गोळा करून १८५५ च्या सुमारास त्यांवर लेखन केले. या आंतरट्रॅपी थरांच्या वयावरून पुढे वाद माजला. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे ट्रॅप क्रिटेशस कालातील नसून त्यानंतरच्या तृतीय कालातील असल्याचे प्रतिपादन केले. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवर आधारलेल्या आधुनिक कालमापनाने आता असे दिसते की, ही उद्गिरणे दोन्ही कालांच्या सीमेवर, सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झाली आणि लाव्ह्याचा फार मोठा भाग दहा लाख वर्षांहून कमी अवधीत बाहेर पडला. म्हणजे दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः बरोबर होते. आणि डायनोसॉरांसह असंख्य जीवजातींचा लोप ज्या सुमारास झाला त्याच सुमारास हे कातळ घडत होते. लोपास लाव्हा किती व मेक्सिकोतील अशनिपात किती कारणीभूत, याविषयी मतभेद आहेत.

अणदूरच्या शिवारात हा इतिहास पाहण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे विहीर होय. या भागातील विहिरीच्या कडेत सामान्यतः वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ व सच्छिद्र खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण असा क्रम लागतो. विहीर खोल असेल, तर काळ्या पाषाणाखाली पुन्हा सच्छिद्र खडक येतो व हाच क्रम नव्याने सुरू होतो. विहिरी खोदणारे लोक सच्छिद्र, पांढरे ठिपके असलेल्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. वितळलेल्या लाव्ह्यातून वायूंचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग आधी थिजत असल्याने त्यातच अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी साचून ठिपके दिसू लागतात. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट असून त्यात आकुंचनामुळे उभ्या संधी पडतात. म्हणजे मांजऱ्या हा प्रवाहाचा माथा व काळा पाषाण हे त्याचे अंग होय. मांजऱ्या दुसऱ्यांदा लागला, की खोदणारा एका उद्गिरणातून त्याच्याही आधीच्या उद्गिरणात उतरलेला असतो. विहिरीला पाणी लागते तेही बहुधा या सांध्यांशी व माथ्यांशी. घट्ट पाषाणातून ते झिरपत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, तेव्हा प्रवाहांच्या सीमा ओळखणे हे तिच्या कामाचे एक मुख्य अंग ठरले. खोदणाऱ्यांच्या बोलीतील ही नावे त्यापूर्वीची असून, भूवैज्ञानिक वर्गीकरणाशी ती आश्चर्य वाटावे इतकी जुळतात.

दोन प्रवाहांमध्ये कधी कधी वीतभर ते हात-दोन हात जाडीचा तांबडा, गेरूसारखा थर आढळतो. तो दिसावयास क्षुल्लक असला, तरी कालगणनेच्या दृष्टीने वरच्याखालच्या जाड कातळापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. एक प्रवाह थंड होऊन उघडा पडला, ऊन-पावसाने त्याचा माथा कुजून माती झाली आणि मग पुढच्या प्रवाहाच्या उष्णतेने ती भाजून निघाली, असा त्याचा अर्थ लावला जातो; काही ठिकाणी ज्वालामुखी राखेत बदल होऊनही असे थर बनले आहेत. कातळ अल्पकाळात साचला, पण तांबड्या मातीला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. ट्रॅपच्या इतिहासाचा बराचसा भाग असा या पातळ पट्ट्यांत सामावलेला आहे.

हा लाव्हा आला कोठून, हा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे ज्वालामुखीचे मुख किंवा शंकू आढळत नाही. रासायनिक घडणीवरून सोलापूर–कलबुर्गी पट्ट्यातील अनेक प्रवाह महाबळेश्वर–पोलादपूर भागातील आंबेनळी घाटावरून नाव दिलेल्या शैलसमूहाशी जुळतात, असे १९९० नंतरच्या अभ्यासात आढळून आले. महाबळेश्वर अणदूरपासून पावणेतीनशे किमी. च्या आसपास दूर आहे. जवळजवळ सपाट भूमीवरून लाव्हा इतका दूर पोहोचला, याचे स्पष्टीकरण हवाई बेटांवरील चालू उद्गिरणांच्या निरीक्षणातून मिळाले. प्रवाहावर प्रथम पातळ कवच धरते, त्याखाली लाव्हा उष्ण व प्रवाही राहतो आणि आत येणाऱ्या नव्या लाव्ह्याने संपूर्ण थर हळूहळू फुगत जातो. म्हणून आगीचे लोंढे वेगाने धावत आले, या लोकप्रिय चित्राऐवजी महिनोन्‌महिने व वर्षानुवर्षे कवचाखालून पसरणाऱ्या लाव्ह्याचे चित्र अधिक खरे मानले जाते.

बेसाल्टात लोहयुक्त खनिजे असतात आणि थंड होताना ती त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. जे. ए. क्लेग, ई. आर. डॉइट्श व डी. एच. ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या कातळांच्या चुंबकत्वावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून उद्गिरणाच्या वेळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता, असे दिसून आले. आज उत्तर गोलार्धात १८ अंशांच्या जवळ असलेली ही भूमी तेव्हा दक्षिण गोलार्धात ३० अंशांच्या आसपास होती. खंडे सरकतात ही कल्पना बहुसंख्य भूवैज्ञानिकांना मान्य नसण्याच्या काळात हा पुरावा पुढे आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आज ज्या रियुनियन बेटाजवळ ज्वालामुखी जागृत आहे, त्याखालील उष्ण स्थानावरून भारतीय भूपट्ट त्या वेळी जात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

उद्गिरणे थांबल्यानंतरचा इतिहास थरांतून नव्हे, तर भूरूपांतून वाचावा लागतो. कारण या काळात येथे साचले थोडे व झिजले फार. बालाघाट हा वळ्या पडून वर आलेला पर्वत नव्हे, तर झीज होऊन उरलेले पठार आहे. त्याच्या उत्तरेकडील तेरणा नदी मांजरेला मिळून अखेर गोदावरीला पाणी देते आणि नळदुर्गची बोरी नदी भीमेला, म्हणजे पर्यायाने कृष्णेला मिळते. दोन महानद्यांमधील हा जलविभाजक आडव्या थरांत कोरला गेल्याने उतारांना पायऱ्या आल्या आहेत : घट्ट पाषाणाचा कडा व मांजऱ्याची सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. नळदुर्गचा किल्ला अशाच एका बेसाल्टी उंचवट्यावर बांधलेला असून बोरीचे पात्र त्याला वळसा घालते. इब्राहीम आदिलशाह दुसरा (कार. १५८०–१६२७) याच्या काळात या पात्रावर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधण्यात आला, पावसाळ्यात त्यावरून पडणारे नर-मादी हे प्रपात प्रसिद्ध आहेत. १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारे फिलिप मेडोज टेलर यांनीही आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचे व त्याखालील खडकाचे वर्णन केले आहे.

पठार किती झिजले याचा अंदाज अणदूरहून नव्हे, तर ईशान्य व पूर्वेकडील जांभ्याच्या टेकड्यांवरून येतो. लातूर जिल्ह्यातील खरोसा येथील लेणी जांभ्याच्या टेकडीत खोदलेली आहेत, आणि बीदरचे पठार व किल्ला यांचा पायाही जांभाच आहे. लॅटेराइट हे जांभ्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारातील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये दिले. टी. जे. न्यूबोल्ड यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासटिपणांत रेगूर व जांभा यांच्या उत्पत्तीची चर्चा केली आहे. जांभा उष्ण व दमट हवामानात, दीर्घकाळ स्थिर राहिलेल्या सपाट भूमीवर, बेसाल्टातील सिलिका व इतर विद्राव्य घटक धुपून लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरल्याने बनतो. म्हणजे आज अवर्षणप्रवण असलेल्या या प्रदेशावर एके काळी भरपूर पाऊस पडत होता आणि टेकड्यांच्या माथ्यांना जोडणारी सलग सपाटी अस्तित्वात होती. नद्यांनी ती कापून काढली. जांभ्याने झाकलेले तुकडे तेवढे वर राहिले. खाली साचलेली काळी माती ही त्याच बेसाल्टाच्या कुजण्याची, पण अधिक कोरड्या हवामानातील, दुसरी परिणती होय. एकाच खडकापासून दोन माती निपजल्या, आणि दोन्ही हवामानाच्या साक्षी आहेत.

ट्रॅपच्या आधी येथे काय होते, याचे उत्तर बराच काळ दक्षिणेकडून घ्यावे लागे. कलबुर्गी जिल्ह्यात ट्रॅपची किनार संपते व तिच्याखालून भीमा समूहाचे चुनखडक बाहेर येतात. मराठवाडा व सोलापूरकडील घरोघरी अंथरलेली शहाबादी फरशी ती हीच. हे खडक कँब्रियनपूर्व कालात उथळ समुद्रात साचले आणि त्यांच्याही खाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म आहेत. घरातली फरशी ही घराखालच्या कातळाहून कितीतरी पटींनी जुनी असते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अणदूरच्या खाली तोच क्रम असेल काय, हे मात्र अनुमानावरच सोडावे लागे.

हे अनुमान तपासण्याचा प्रसंग एका आपत्तीमुळे आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अणदूरच्या ईशान्येस असलेल्या किल्लारी परिसरात ६·२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा व उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. भूकंपाची महत्ता पाहता ही हानी फार मोठी होती. केंद्र उथळ होते आणि वेळ झोपेची होती, ही दोन कारणे झाली; तिसरे कारण खडकाशी निगडित आहे. बेसाल्ट कुजताना त्याच्या संधींनी वेगळे झालेले ठोकळे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जाऊन आत गोल, गुळगुळीत गोटे उरतात. या भागातील जुन्या घरांच्या रुंद भिंती अशाच गोट्यांच्या, मातीत रचलेल्या असत आणि त्यांवर मातीचे जड माळवद असे. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही रचना हादरा सहन करू शकली नाही. एकमेकांत न अडकणारे गोटे सुटले व माळवदे खाली आली.

तोपर्यंत द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर मानला जात असे. भूकंपरोधक बांधकामाविषयीच्या भारतीय मानकाच्या १९७० च्या आवृत्तीपासून देशाचे पाच विभाग पाडलेले होते व किल्लारीचा समावेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. वस्तुतः ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने द्वीपकल्पाच्या स्थैर्याविषयी शंका उत्पन्न केली होती. पण कोयनेचे कारण धरणाच्या जलाशयात शोधले गेले आणि उरलेल्या पठाराविषयीची समजूत तशीच राहिली. किल्लारी भागात १९९२ मध्ये जाणवलेल्या लहान धक्क्यांनीही ती बदलली नाही. २००२ मध्ये मानकातील पहिला विभागच रद्द करण्यात आला व किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात घातला गेला.

भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मी. खोलीच्या वेधनछिद्रातील नमुन्यांचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला. त्यात ट्रॅपची जाडी ३३८ मी. भरली. कोयना भागातील एका छिद्रात ती सु. ९३० मी. आढळली आहे, म्हणजे लाव्ह्यांची रास पूर्वेकडे पातळ होत जाते, हे पूर्वीचे अनुमान पक्के झाले. ट्रॅपच्या तळाशी सु. ८ मी. जाडीचा गाळाचा थर निघाला. लाव्हा येण्यापूर्वी ही भूमी उघडी होती आणि तिच्यावर पाण्याने माती आणून टाकली होती, याचा हा साधा व निःसंदिग्ध पुरावा होय. भीमा समूहाचे चुनखडक मात्र तेथे मिळाले नाहीत. गाळाच्या लगेच खाली अडीचशे कोटी वर्षांहून जुने पायाचे खडक लागले. सिकार पॉइंटला हटन यांनी पाहिलेली विसंगती येथे त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर जमिनीखाली दडलेली आहे. एवढेच नव्हे, तर त्या पायाच्या खडकांतील खनिजे कवचाच्या मधल्या भागातील उष्णता व दाब सोसून बनलेली आहेत. तेव्हा लाव्हा येण्यापूर्वीच वरचे अनेक किमी. जाडीचे कवच उचलले जाऊन झिजून गेले असले पाहिजे. ज्याला स्थिर म्हटले गेले, त्या भूमीचा ट्रॅपपूर्व इतिहास असा मोठ्या उत्थानाचा आहे.

भूकंपाने जमिनीवर उमटलेली खूण त्या मानाने किरकोळ होती : किल्लारीजवळच्या शेतांतून सु. एक किमी. लांबीचे, एक मीटरहून कमी उंचीचे तुटक उंचवटे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे आशियावर रेटला जात असल्याने द्वीपकल्पाच्या अंतर्भागातही ताण साठतो व जुन्या दुबळ्या पृष्ठांवर खडक एकमेकांवर चढतात, अशी त्याची मीमांसा केली जाते. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा यात काही वाटा होता काय, याविषयी तज्ञांत एकवाक्यता नाही. काळ्या जमिनीत असे उंचवटे नांगर व पाऊस यांमुळे काही वर्षांतच पुसले जातात, आणि पूर्वीच्या भूकंपांच्या खुणा पृष्ठभागावर न दिसण्याचे हेही एक कारण आहे. म्हणून त्या खुणा गाळाच्या थरांत शोधाव्या लागल्या. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. तेथील पुरातत्त्वीय थरांतील विस्कळीतपणावरून सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनी १९९९ मध्ये, सु. दीड हजार वर्षांपूर्वी या भागात मोठा भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष काढला. ट्रॅपने झाकलेल्या विभंगांचा माग पृष्ठावरून लागणे कठीण असल्याने, नदीपात्रांची अकारण वळणे, काठच्या गाळाच्या मंचांमधील उंचीचा फरक आणि विहिरींच्या कडांत तांबड्या थराची पडलेली तूट या गोष्टींच्या नोंदी अशा शोधास उपयोगी पडतात.